सरूमावशीनं परत घेतलेलं नाव

वायरमनचं काम चांगलं झालं की घरमालक वायरमनला विसरतो. बटण दाबलं, दिवा लागला, माणूस जेवायला बसला. सुतारानं केलेली खुर्ची पाहुण्यांना दाखवता येते. शिंप्याचा सदरा तर गावभर फिरतो. माझं काम वायरीवरच्या लाकडी पट्टीखाली, भिंतीत आणि जमिनीत. आमच्या धंद्यात नाव होतं ते कोणाला तरी झटका बसल्यावर, आणि तसं नाव कोणाला नको असतं.

या अंकाच्या संपादकांनी आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा बायको म्हणाली, "त्यात तुम्ही काय लिहान? वायर टाकली न घरी आलो, हेच न?"

हेच. पण घरी येण्याआधी कोणाच्या घरी जायचं, म्हणजे मला बोलावणार कोण, हा या धंद्यातला अवघड भाग असतो. त्याबद्दल लिहितो.

मी काम शिकलो शेगावात, एका उस्तादाच्या हाताखाली. तिथल्या लॉजांच्या खोल्यांमध्ये वायरिंग करायचं, यात्रेकरूंनी मोडलेली बटणं बदलायची. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. संग्रामपूरकडे विजेचे खांब चालले आहेत असं कळलं तेव्हा उस्ताद म्हणाले, "नारायण, तिकडं जा. तिकडं अजून कोणी नाही." तिकडं तेव्हा वीजही नव्हती, हे तिथं गेल्यावर कळलं. खांब आले होते, तारा यायच्या होत्या.

संग्रामपूर तेव्हा तालुका नव्हता, बाजाराचं मोठं गाव होतं. मी मोटारी थांबायच्या तिथं एक गाळा घेतला आणि पाटी लावली: ‘विजेची सर्व कामे खात्रीने केली जातील’. पाटी रंगवणाऱ्यानं हौसेनं कोपऱ्यात एक विजेचा लोळ काढून दिला. पहिला माणूस आला त्यानं विळ्याला धार लावून मिळेल का विचारलं. दुसऱ्यानं मोटार किती वाजता येते ते विचारलं. तारा आल्या, चौकात दिवा लागला, लोक घराघरात वीज घ्यायला लागले, तरी माझ्याकडं मोटारीचीच चौकशी होत राहिली.

शेवटी शेजारच्या चहावाल्यानं मला समजावलं. "अठी पाटी वाचून कोनी बोलावत नसते, भाऊ. सरूमावशीनं नाव सांगितलं पाहिजेन."

सरूमावशी म्हणजे नाल्याकाठी भाजीचा मळा करणारी एक विधवा बाई. वांगी, मिरच्या, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते टोपल्यात घालून ती सकाळी गावात फिरायची. विकायला ओसरीवर थांबायची नाही, थेट चुलीपर्यंत जायची. त्यामुळे कोणाच्या दाराची बिजागरी करकरते, कोणाचं छप्पर गळतं, कोणत्या गवंड्यानं घातलेल्या ओट्याला भेग पडली, हे तिला घरमालकाच्या आधी कळायचं. कोणाला सुतार हवा असला की मेथी निवडता निवडता ती नाव सांगायची. एकच नाव. दुसरं विचारलं तर म्हणायची, "दुसऱ्याचं मले माहीत नाई."

तिची परीक्षा साधी होती. ज्याला केलेल्या कामासाठी परत बोलवावं लागत नाही, तो कारागीर चांगला. या एका मापानं तिनं गावाला सुतार, गवंडी, विहीर साफ करणारे, चारपाई विणणारे, सगळे निवडून दिले होते आणि ते खरोखरच चांगले होते.

वायरमन म्हणून तिनं नाव दिलं होतं प्रल्हादचं.

प्रल्हाद गावातलाच, गोड बोलणारा, कामाला झपाट्याचा. त्याच्या लाकडी पट्ट्या भिंतीवर अशा सरळ बसायच्या की मी उभा राहून पाहायचो. आजही सांगतो, माझ्या तशा कधी बसल्या नाहीत. आणि त्याच्या घरांमधला फ्यूज कधी उडायचा नाही. लोक एकमेकांना सांगायचे, "प्रल्हादचं काम पक्कं. फ्यूज म्हून उडत नाई."

माझ्या घरांमधला उडायचा. मग मला बोलावणं यायचं, मी सायकलवर जायचो, तार बदलायचो. दोन दिवसांनी पुन्हा. मावशीच्या मापात मी बसतच नव्हतो.

इथं धंद्याचं थोडं सांगायला हवं. फ्यूज म्हणजे चिनीमातीच्या डबीतली एक बारीक तार. काही बिघडलं, जास्त वीज वाहायला लागली, की ती तार आधी जळते आणि घर वाचतं. तिचं काम जळणं हेच. तिच्या जागी जाड तार घातली तर ती जळत नाही, मग दुसरं काहीतरी जळतं. आणि अर्थिंग म्हणजे जमिनीत खोल खड्डा करून त्यात धातूचा पत्रा पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, आणि तिथून जाड तार घरात न्यायची. म्हणजे भलत्या जागी गेलेली वीज माणसातून न जाता जमिनीत जाते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगायचो. बहुतेक गिऱ्हाइकं म्हणायची, "दिवा वर लावा लागते, तू जमिनीत काऊन खोदून राह्यला?" आणि प्रल्हादला बोलवायची.

माझ्याकडं यायची ती ज्यांना प्रल्हाद मोकळा नसायचा ती. त्यात दोन भाऊ होते, वाटण्या झालेले, समोरासमोर राहणारे. थोरल्यानं एकच दिवा मागितला, दाराबाहेर, धाकट्याच्या ओसरीवर उजेड पडेल असा. घरात कंदीलच. आठवड्यात धाकट्यानं बोलावलं आणि त्याहून मोठा दिवा थोरल्याच्या दाराकडं तोंड करून लावून घेतला. दोघांनाही झोप येईना. दोघांनीही वेगवेगळं येऊन मला विचारलं की समोरचा दिवा बंद करायचं बटण आपल्या घरात बसवता येईल का. एका म्हातारीनं घरात नको पण गोठ्यात दिवा लाव म्हणून सांगितलं. तिची म्हैस व्यायची होती. घरातल्या माणसांचं म्हणाली, "ते काय, अंधारातच मोठे झाले." तिचं काम मी फार मन लावून केलं.

अशात श्रावण आला. झड लागली होती, कपडे वाळत नव्हते. रामकृष्ण म्हणून एक शेतकरी होता, त्याच्या अंगणात टिनाचा गोठा, गोठ्याला लोखंडी खांब, आणि खांबापासून घरापर्यंत कपडे वाळत घालायची लोखंडी तार. गोठ्यातला दिवा प्रल्हादनं लावलेला. सकाळी सून, कमल, ओलं लुगडं तारेवर टाकायला गेली आणि तारेलाच चिकटली.

तिच्या सासूनं आरडाओरडा केला. रामकृष्ण धावला तो सुनेला धरायला, पण वाटेत गोठ्यात म्हैस आडवी पडलेली दिसली आणि तो थबकला. म्हैस खांबालाच बांधलेली होती. तेवढ्या थबकण्यानं तो वाचला. त्यानं दावणीजवळची कोरडी काठी घेतली आणि सुनेच्या हातावर सगळ्या जोरानं मारली. ती तारेपासून सुटून चिखलात पडली.

कमल वाचली. म्हैस गेली. कमलच्या तळहाताला तारेचा वळ जळून बसला होता, पुढं कितीतरी दिवस तिला भाकरी थापता आली नाही. ती मला नंतर म्हणाली, "मले काई आठवत नाई भाऊ. एवढंच आठवते, का मी हातालेच म्हणून राह्यली होती, सोड, सोड."

प्रल्हादला बोलवायला माणूस गेला तर तो सासुरवाडीला गेला म्हणून कळलं. मग मला बोलावलं. मी मेन स्विच बंद केला आणि शिडी लावून पाहिलं. गोठ्याच्या पत्र्याला भोक पाडून वायर तशीच आत नेली होती, नळी घातली नव्हती. वाऱ्यानं पत्रा हलत होता, पत्र्याची कड वायरीवरचं कापड आणि रबर कापत गेली होती. सगळा गोठाच विजेला लागला होता. फ्यूज उघडला. आत खिळ्याएवढी जाड तार. ती जन्मात जळली नसती.

भिंतीवरून अर्थिंगची तार खाली जमिनीत गेलेली होती. मी ती धरून ओढली. ती आली. वीतभर तार, आणि टोकाला काही नाही.

मागं सरूमावशी उभी होती, डोक्यावर टोपलं. तिनं टोपलं खाली ठेवलं आणि ती तार माझ्या हातातून घेतली. वाफ्यातलं रोप उपटून पाहावं तशी तिनं ती उलटसुलट पाहिली.

"हे तं असंच आलं," ती म्हणाली. "याले खाली काय असा लागते?"

मी सांगितलं. खड्डा, पत्रा, कोळसा, मीठ.

"अन् फ्यूज उडाला असता तं?"

"वेळेवर उडाला असता, तर म्हैस वाचली असती, मावशी. कमललाही काही झालं नसतं."

तिनं तारेचं रिकामं टोक बोटानं पुसलं. मग म्हणाली, "तुह्याकडचे उडतेत."

"हो."

"म्हून तुले बोलावतेत."

"हो."

तिनं टोपलं उचललं आणि ती त्या दिवशी भाजी न विकताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या गाळ्यावर आली. टोपलं नव्हतं. टोपल्याशिवाय मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो, ती उंचीनं कमी वाटली. "चाल माह्यासंग," म्हणाली. "तो टेस्टर घे."

मला वाटलं, झालं, आता ही माझं नाव गावाला सांगणार. मी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता याचं बरं वाटलं.

पहिल्या दारात ती ओट्याशी उभी राहिली, आत गेली नाही. घरधनीण बाहेर आली. मावशी म्हणाली, "तुले म्या प्रल्हादचं नाव सांगितलं होतं. ते नाव मी परत घ्याले आली. त्यानं जमिनीत काई पुरलं नाई. फ्यूजात जाड तार घातली. मले समजलं नाई. ह्याले एकदा पाहू दे, तवरोक बटनाले हात लावू नको."

घरधनिणीनं माझ्याकडं पाहिलं. "हा चांगला हाय काय, मावशी?"

"मले माहीत नाई," मावशी म्हणाली. "ह्याले फक्त पाहाले आणलं."

मी शेजारीच उभा होतो. दर दारात हेच झालं. ज्या ज्या घरी तिनं प्रल्हादचं नाव सांगितलं होतं ती सगळी तिला पाठ होती. प्रत्येक दारात ती तेच वाक्य म्हणायची, नाव परत घ्याले आली, आणि प्रत्येक दारात माझ्याबद्दल विचारलं की मी चांगला आहे का हे तिला माहीत नसायचं. मी आत जाऊन तार ओढायचो. बहुतेक ठिकाणी ती वीतभर निघायची. एकदोन ठिकाणी भिंतीतच संपली होती, जमिनीपर्यंत पोचायची तसदीही तारेनं घेतली नव्हती.

लोकांना याचा आनंद झाला असेल असं वाटत असेल तर तसं नव्हतं. एकानं तोंडावर म्हटलं, "तुह्याच शब्दानं दिवा लागला, आता तूच विझवाले आली काय?" एक बाई म्हणाली, "म्हंजे तुह्या सांगण्यावर आमी भरोसा ठेवला ते चुकलंच न." मावशी म्हणाली, "हाव." वाद घातला असता तर लोकांना बरं वाटलं असतं. ती हाव म्हणून पुढच्या दारी जायची.

दुपारी आम्ही बाबारावांच्या घरी पोचलो. बाबाराव गावातले मोठे शेतकरी. त्या दिवशी त्यांच्या नातवाचं बारसं होतं. पाऊस म्हणून अंगणात टिनाचा मांडव घातला होता, लोखंडी खांबांवर, आणि मांडवभर दिवे. आभाळ भरून आलेलं, त्यामुळे दिवे दुपारीच लावून ठेवले होते, पाहुण्यांना दिसावेत म्हणून. काम अर्थातच प्रल्हादचं, सासुरवाडीला जाण्याआधी केलेलं.

मावशीनं आपलं वाक्य म्हटलं. बाबाराव हसले. "सरूबाई, आज नाई. उद्या पाहू. पाव्हणे येऊन राह्यले."

"दिवे बंद करा, भाऊ. मंग करा बारसं."

"अंधारात नाव ठेवू काय लेकराचं?"

"कंदील लावा."

"माह्या घरी कंदील?" बाबाराव म्हणाले आणि पाहुण्यांकडं वळले.

मावशी तिथंच बसली, मांडवाच्या तोंडाशी, पायरीवर. मला वाटलं रुसून बसली. तसं नव्हतं. जरीचं पातळ नेसलेली एक पाहुणी आत यायला लागली, तशी मावशी तिला म्हणाली, "या बाई. खांबाले हात नका लावू. वीज हाये." पाहुणी दचकून अंग चोरून आत गेली. मागून पोरं आली. "खांबाले हात लावला तं चिकटसान." पोरं रडायला लागली. एक म्हातारे गृहस्थ टेकायला म्हणून खांबाकडं वळले तशी ती ओरडली, "बाबूजी, तठी नाई!" ते मांडवाच्या मधोमध काठीवर उभे राहिले आणि बसलेच नाहीत. थोड्या वेळात सगळे पाहुणे अंगणाच्या मध्यभागी दाटीनं उभे, खांबांपासून लांब. पाळणा एकटाच बाजूला.

बाबाराव लाल होऊन आले. "उठ व मावशी. काय तमाशा लावला?"

"मी काई करून नाई राह्यली. तुमी करा बारसं. मी फक्त सांगते."

"काल एक म्हैस मेली म्हून साऱ्या गावाचे दिवे विझवतं काय?"

"म्हैस मेली हे लोकाईले दिसलं," मावशी म्हणाली. "कमलसारखं लेकरू तारेले लटकलं होतं. माह्या नावावर. मले म्हैशीचं नका सांगू, भाऊ."

बाबाराव माझ्याकडं वळले. "तू काय म्हणतं बे?"

मी टेस्टर काढला आणि मांडवाच्या खांबाला लावला. आतला बारीक दिवा लागला. बाबारावांनी डोळे बारीक करून पाहिलं. मी पाळण्याजवळच्या खांबाला लावला. लागला. त्या खांबाला बांधलेली पाळण्याची दोरी सुती होती आणि अजून भिजलेली नव्हती, एवढंच.

बाबाराव आत गेले आणि स्वतः मेन स्विच खाली ओढला. मग बाहेर येऊन घरातल्या बायकांना सांगितलं, "कंदील काढा. काचा पुसून आणा." नातवाचं नाव कंदिलाच्या उजेडात ठेवलं गेलं. मावशीला आणि मला पानावर बसवलं. बुंदी मीच जास्त खाल्ली, ती जेवली नाही.

पुढचा महिनाभर मी खड्डे खणत होतो. प्रल्हाद परत आला तेव्हा मावशी त्याच्या घरी गेली. मारायला गेली असं काहींना वाटलं. तिनं त्याला एवढंच सांगितलं की जिथं जिथं तो तिच्या शब्दावर गेला तिथं तिथं त्यानं खड्डा करून द्यावा. आणि प्रल्हाद आला. मान खाली घालून माझ्याबरोबर त्यानं खोदलं. खणताना एकदा मला म्हणाला, "लोक म्हणत होते न भाऊ, खड्ड्याची काय गरज. म्या म्हटलं, ज्याले नको त्याले कायले द्या." मी कोळशाचं टोपलं त्याच्याकडं सरकवलं. त्याचा हात माझ्याहून चांगला होता. नीट शिकवलं असतं तर तो मोठा वायरमन झाला असता. पण गावात त्याला कोणी पुन्हा बोलावलं नाही. दोन वर्षांनी मावशीनं एकदोन घरी त्याचं नाव पुन्हा सांगून पाहिलं, म्हणाली आता तो शिकला. लोकांनी ऐकून घेतलं, मेथी घेतली, बोलावलं मात्र नाही. तो पुढं बुऱ्हाणपूरकडं गेला. तिकडं गिरणीत लागला असं कळलं, मग तेही कळेनासं झालं.

मावशीचंही तसंच झालं. लोक म्हणायला लागले, आज नाव सांगते, उद्या परत घेते. सुतार हवा असला की आता चौकातल्या शिंप्याला विचारायचे. तो चार नावं सांगायचा आणि एकाचीही जबाबदारी घ्यायचा नाही. ते लोकांना सोईचं पडलं. मावशीनं मग नावं सांगणंच सोडलं. कोणी चुकून विचारलं तर वांगी तोलत म्हणायची, "मी भाजी विकते, बापा."

माझं काम मात्र वाढलं. तिनं नाव न घेताच. ज्या घरात मी वीतभर तार ओढून दाखवली त्या घरानं मला नंतर बोलावलंच. ‘नारायण चांगला वायरमन आहे’ हे मला तिच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, ही माझी हौस राहिली. तिनं कधी म्हटलं नाही. मी इतक्या वर्षांत तिच्या ओट्यावर कितीदा चहा प्यालो, तिनं भाजी कितीदा बांधून दिली, पण मी कसा वायरमन आहे याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

तिच्या घरी वीज फार उशिरा आली. भाच्यानं हट्ट केला तेव्हा तिनं मला निरोप धाडला. मी एक दिवा, एक बटण लावलं आणि मळ्याच्या कडेला अर्थिंगचा खड्डा केला. ती खड्ड्याच्या काठावर बसून होती. कोळशाचा थर, मिठाचा थर, सगळं पाहत होती. काम झाल्यावर मी सांगितलं की उन्हाळ्यात जमीन वाळते, मग हे नीट चालत नाही, तेव्हा इथं अधूनमधून कळशीभर पाणी टाकत जा.

त्या उन्हाळ्यात मी एका दुपारी मळ्यावरून चाललो होतो. नाला आटला होता, मिरच्या माना टाकून होत्या. मावशी दुरून पाणी आणून एक कळशी त्या उघड्या जागेवर ओतत होती, जिथं मीठ होतं आणि गवतही उगवत नव्हतं. भाजी घ्यायला आलेली एक नवी सून बांधावर उभी होती. बाहेरगावची असावी.

"मावशी, तठी तं काईच नाई," ती म्हणाली. "कायले पाणी घालून राह्यल्या?"

मावशीनं कळशी उलटी करून शेवटचा थेंब झटकला.

"नारायणनं सांगितलं," ती म्हणाली.